वीज वाचवा, पण रुग्णाचा पंखा बंद करून नव्हे!

भिवंडीजवळच्या दापोडे गावात शिरलात की दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे. या गोदामांत पोती वाहणारा हमाल आजारी पडला की खाजगी दवाखान्याच्या काचेच्या दारापर्यंत तो जात नाही. तो भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय गाठतो. म्हणून सरकारी रुग्णालयाचे वीजबिल हा आपल्या माणसांचा प्रश्न आहे.

रुग्णालय चोवीस तास जागे असते. 40 वॉटची जुनी ट्यूबलाईट चोकसकट सुमारे 55 वॉट खाते, एलईडीची 20 वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. अशा शंभर नळ्या बारा तास जळत असतील, तर रोजचे 42 युनिट, म्हणजे वर्षाला पंधरा हजारांवर युनिट वाचतात. जुना पंखा 75 वॉटचा, नवा 30 च्या आसपास. शंभर पंखे वीस तास फिरले तर रोज 90 युनिट! वाचलेला पैसा औषधांकडे वळवता येतो.

मग हे होत का नाही? कारण इमारत बांधते आणि वायरिंग करते बहुधा बांधकाम खाते, बिल भरते आरोग्य खाते. निविदेत स्वस्त पंखा जिंकतो. तो दहा वर्षांत किती वीज खाईल, याचा हिशेब कोणीच मांडत नाही. 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2007 साली इमारतींसाठी संहिता आली. पण तिचा रोख मुख्यतः नव्या आणि मोठ्या वीजभाराच्या इमारतींवर. जुन्या वॉर्डांचे काय?

बचतीच्या नावाखाली वॉर्डातले दिवे मालवणारे साहेबही असतात. त्याला बचत म्हणत नाहीत, ती रुग्णाची लूट आहे. एसी 24 अंशांवर ठेवणे, छपराला पांढरा चुना देणे, शस्त्रक्रिया नसताना ओटीची हवा कमी वेगाने खेळवणे, याला बचत म्हणतात.

हा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि 10 बालके दगावली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. जुन्या वायरींवर नवी यंत्रे लादत गेले की वायर तापते. वीजभाराची तपासणी करणारा माणूस वायाही जाणारी वीज शोधतो आणि धोकाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. 25 ऑक्टोबर 1943 च्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला तो गरिबीतून सुटका व्हावी म्हणून. त्या विजेवर पहिला हक्क खाटेवरच्या बाळंतिणीचा.

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. दापोड्याच्या कार्यकर्त्यांनी तिच्याकडे आधी दोनच कागद मागावेत : मागील बारा महिन्यांची वीजबिले, आणि वायरिंगच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल.