आधी शेतकरी

इंग्लंडची हद्द ओलांडून स्कॉटलंडात शिरलं की थोड्याच अंतरावर चर्नसाइड हे गाव लागतं. तिथल्या चर्चच्या आवारात जिम क्लार्कची कबर आहे. दगडावर नावानंतर त्याची ओळख कोरलेली आहे ती आधी 'शेतकरी' अशी. मोटार शर्यतींची १९६३ आणि १९६५ची विश्वविजेतेपदं त्याच्या खाली. ७ एप्रिल १९६८ला जर्मनीत हॉकेनहाइमच्या शर्यतीत तो गेला, तेव्हा ३२ वर्षांचा होता. ७२ ग्रां प्रीपैकी २५ जिंकलेला. हे आकडे शर्यतवेड्यांना तोंडपाठ असतात. मला त्याआधीचा क्लार्क जास्त आवडतो. मेंढ्या आणि पिकं सांभाळून, घरच्यांची नजर चुकवून, दुसऱ्यांच्या मालकीच्या गाड्या पळवणारा.

एडिंग्टन मेन्स हे त्यांचं शेत. चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता मुलगा, म्हणजे शेत त्याच्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं. मोटारींच्या शर्यती घरात कोणालाच पसंत नव्हत्या. जून १९५६मध्ये मित्र इयन स्कॉट-वॉटसन याच्यासोबत तो अ‍ॅबर्डीनकडच्या क्रिमंडला गेला, तो मदतनीस म्हणून. मित्राने आपली डीकेडब्ल्यू त्याच्या हाती दिली. टू-स्ट्रोक इंजिनाची, पुढची चाकं ओढणारी साधी घरगुती गाडी. राजदूत मोटारसायकल चालवलेल्यांना तिचा आवाज आणि धूर वेगळा सांगायला नको. शर्यतीत काही हाती लागलं नाही, पण सरावात क्लार्क गाडीच्या मालकापेक्षा जलद निघाला. दुसरा कोणी असता तर मनातून खट्टू झाला असता. स्कॉट-वॉटसनने उलट ठरवलं की आता गाड्या आपण घ्यायच्या आणि चालवायच्या याने.

क्रिमंड हा खरं तर युद्धातला विमानतळ. महायुद्धाने ब्रिटनभर धावपट्ट्या पेरून ठेवल्या होत्या आणि युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या. पिंपं नि पेंढ्याचे भारे मांडले की ट्रॅक तयार. सिल्व्हरस्टोनचं सर्किटही मूळचं असंच. क्लार्कच्या घराजवळचं चार्टरहॉलही तसंच. सगळं सपाट आणि उघडं, वाऱ्याला अडवायला झाड नाही. पण गाडी घसरली तर आपटायलाही फारसं काही नाही. शिकाऊ माणसाला याहून चांगली शाळा कुठली!

१९५८मध्ये जॉक मॅकबेन या गॅरेजवाल्याच्या 'बॉर्डर रीव्हर्स' संघाने एक जुनी, पांढरी जॅग्वार डी-टाइप घेतली. बावीस वर्षांच्या पोराच्या हाती एकदम ल मॉंची गाडी. १९५५, ५६ आणि ५७ अशी ओळीने तीन वर्षं तिथली चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या गाड्यांनी जिंकली होती. सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, विमानाच्या धाटणीचा सांगाडा. एप्रिलमध्ये यॉर्कशरच्या फुल सटनला, तोही बॉम्बर विमानांचा जुना तळ, क्लार्कने या गाडीत ताशी १०० मैलांपेक्षा जास्त सरासरीने फेरी मारली. युद्धानंतर ब्रिटिश सर्किटवर स्पोर्ट्स कारने असं प्रथमच केलं होतं.

पुढच्याच महिन्यात बेल्जियममधलं स्पा. इथे विमानतळ नव्हता. चौदा किलोमीटरचा रहदारीचा रस्ता, कडेला घरं, झाडं, खांब. मास्टन ग्रेगरीची लिस्टर-जॅग्वार मागून येऊन सुसाट पुढे निघून गेली, तेव्हा क्लार्कला कळलं की आपण ज्याला वेग म्हणतो तो वेग नव्हेच. त्याच शर्यतीत आर्ची स्कॉट ब्राऊनची गाडी रस्ता सोडून पेटली. उजव्या हाताला जन्मतः पंजा नसूनही भल्याभल्यांना हरवणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. स्पाविषयी क्लार्कच्या मनात बसलेली अढी पुढे कधी गेली नाही.

त्याच वर्षी ब्रँड्स हॅचला लोटसची एकआसनी गाडी चालवून बघण्याचा योग आला. तिथे ग्रॅहम हिलच्या गाडीचं चाक निखळलेलं त्याने पाहिलं आणि एकआसनीचा विचार सोडला. त्याऐवजी आली लोटस एलिट. फायबरग्लासचं अख्खं अंग, आत सव्वा लिटरचं छोटं इंजिन, तेही आग विझवण्याच्या पंपासाठी बनवलेल्या इंजिनाच्या घराण्यातलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रँड्स हॅचला क्लार्कने ती काढली. समोर तशाच एलिटमध्ये लोटसचा मालक कॉलिन चॅपमन स्वतः. गाडी चॅपमनने घडवलेली, आणि तिच्यात बहुतेक वेळ पुढे मात्र हा नवखा शेतकरी! शेवटी एका रेंगाळलेल्या गाडीने वाट अडवली आणि चॅपमन जिंकला. पण चॅपमनला काय ते दिसलं होतं.

क्लार्कची कला म्हणतात ती माझ्या मते या वर्षांतली आहे. धुरकट डीकेडब्ल्यू, दांडगी जॅग्वार, नाजूक एलिट यांच्यात साम्य काहीच नाही, आणि एकही त्याच्या मापाने बेतलेली नव्हती. गाडीला दटावून चालवायची सोय नसली की तिचं ऐकायला शिकावं लागतं. पुढे लोटसच्या मेकॅनिकांना दिसायचं की याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांच्या मानाने कमी झिजतात. गाडीबाहेर मात्र हाच माणूस नखं कुरतडत बसायचा.

१९५९मध्ये जॉन व्हिटमोरबरोबर त्याने ल मॉंला एलिट दहावी आणली. मग ॲस्टन मार्टिनने त्याला ग्रां प्रीसाठी करारबद्ध केलं, पण त्यांची ती गाडीच धड उभी राहिली नाही. चॅपमन वाट पाहतच होता. म्हणून जून १९६० असा गेला : ६ तारखेला झांडवोर्टला लोटसमधून पहिली ग्रां प्री, १९ला पुन्हा स्पा आणि २५ला ल मॉं. स्पाच्या शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी दोघेही मारले गेले. स्टेसी लोटसचाच, क्लार्कचा सहकारी. क्लार्क पाचवा आला, विश्वविजेतेपदाचे पहिले गुण मिळाले. सहा दिवसांनी तो ल मॉंला ॲस्टन मार्टिनमध्ये बसला आणि रॉय साल्वाडोरीसोबत चोवीस तास काढून तिसरा आला.

स्पाचा तिटकारा तसाच राहिला. १९६२पासून पुढची चार वर्षं तिथली ग्रां प्री त्यानेच जिंकली.