थबकलेल्या हाताची गोष्ट

वाचकहो, आपल्या घरातील मुलांना गुगली आणि यॉर्कर ठाऊक असतात. आज आम्ही अमेरिकेतील बेसबॉल या खेळातला एक शब्द सांगणार आहोत. तो म्हणजे ‘हेझिटेशन पिच’. क्रिकेटमध्ये पिच म्हणजे खेळपट्टी, पण बेसबॉलमध्ये पिच म्हणजे चेंडूची फेक आणि फेकणारा तो पिचर. हेझिटेशन म्हणजे थबकणे. पिचर पुढचा पाय जमिनीवर टेकवतो, पण हात क्षणभर मागेच रोखतो. चेंडू सुटला असे समजून फलंदाज बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मागाहून येतो!

ही फेक गाजवली सॅचेल पेज या कृष्णवर्णीय खेळाडूने. त्याचा जन्म १९०६ साली अलाबामा राज्यातील मोबील शहरात, गरीब घरात झाला. त्या काळी गोऱ्यांच्या मोठ्या संघांची दारे काळ्यांना बंद होती. तसा नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता, तरी तो सर्वजण पाळत होते. अलिखित बंदी किती कडक असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. पेजची उमेदीची वर्षे काळ्यांच्या स्वतंत्र लीगमध्ये गेली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती भिंत फोडली. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघाने पेजला घेतले, तेव्हा त्याचे वय ४२ होते. त्या मोसमात त्याच्या नावावर सहा विजय आणि एकच पराभव लागला व संघ अजिंक्य ठरला. मात्र त्याच वर्षी लीगच्या अध्यक्षांनी त्याची थबकती फेक नियमबाह्य ठरवली.

१९७१ साली ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पेजचा सन्मान करायचे ठरले, तोही आधी वेगळ्या दालनात! टीका झाल्यावर त्याला बरोबरीचे स्थान मिळाले.

आम्हाला येथे पळवणकर बाळू आठवतात. चर्मकार समाजातील या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९३७ साली ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले हे खरे, तरी त्यांच्यावरचा अन्याय त्यामुळे खोटा ठरत नाही.

मुलांना मैदानावर जरूर पाठवा. पण खेळाचे नियम एका खोलीत बसून केले जातात, हेही त्यांना सांगा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते त्या खोलीतही आपली माणसे असावीत म्हणून.

जय भीम!