नियमपत्रिकेतील जॅकी

केट डिकी या स्कॉटिश अभिनेत्रीस आपल्याकडील बहुतेक प्रेक्षक ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील लायसा ॲरिन म्हणून ओळखतात, मी मात्र गेली कित्येक वर्षे तिच्याकडे वळत आलो आहे तो एका लहानशा दस्तऐवजामुळे, आणि त्या दस्तऐवजात तिचे नाव कोठेही नाही.

त्याची हकीकत अशी. ग्लासगोची सिग्मा फिल्म्स आणि लार्स फॉन ट्रायर यांची कोपनहेगन येथील झेंट्रोपा या दोन संस्थांनी ‘ॲडव्हान्स पार्टी’ नावाची योजना आखली, व प्रथमच पूर्ण लांबीचा चित्रपट करणाऱ्या तिघा दिग्दर्शकांच्या हाती पात्रांची त्रोटक टिपणे ठेवली. ती टिपणे लोने शेर्फिग आणि आनेर्स थॉमस येन्सेन यांची. सोबतची कलमे एखाद्या जुन्या करारनाम्यासारखी रोखठोक आहेत: कथानक स्कॉटलंडमध्येच घडावे, सर्व पात्रे तिन्ही चित्रपटांत यावीत, त्यांची परस्परांतील नाती मात्र बदलता येतील, एका ठिकाणचे प्रमुख पात्र दुसऱ्या ठिकाणी गौण ठरेल, आणि एका पटकथेत पात्राचे जे होईल ते दुसरीस बंधनकारक राहणार नाही. शेवटचे कलम असे, की प्रत्येक भूमिका तिन्ही चित्रपटांत त्याच नटाने वा नटीने करावी.

या कलमांवर लिहिणारे बहुधा दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याविषयीच लिहितात. मला ते एकांगी वाटते. दिग्दर्शकास दिलेल्या प्रत्येक सवलतीस येथे नट जामीन राहिला आहे. कारण पूर्वायुष्य पुसले, नाते फिरवले, कथेचा रसच पालटला, तरी तेच माणूस उभे करण्याची जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते.

ईस्ट किलब्राइड येथे 1971 साली जन्मलेली आणि ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमीत नाट्यशिक्षण घेतलेली डिकी आंद्रिया अर्नोल्ड यांच्या ‘रेड रोड’मध्ये (2006), म्हणजे या योजनेतील पहिल्या चित्रपटात, प्रथमच मोठ्या पडद्यावर नायिका झाली. तिची जॅकी नगराच्या पहारा-कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसून अहोरात्र परक्यांची आयुष्ये न्याहाळते, आणि एके दिवशी त्या पडद्यांवर तिला असा पुरुष दिसतो, ज्याच्यामुळे ती पतीला व मुलीला मुकली. बराच काळ ती केवळ पाहते. एवढ्या पाहण्यातून कुतूहल, किळस, वासना आणि शोक यांचे थर एकामागून एक उलगडत नेणे हे नुसत्या चेहऱ्याचे काम नव्हे. ते सबंध देहाला आवर घालणाऱ्या रंगभूमीच्या तालमीचे फळ आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटास कान येथे ज्युरी पारितोषिक लाभले, डिकीला ब्रिटिश स्वतंत्र चित्रपटांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. तरीही लेखांतून श्रेय एकट्या अर्नोल्ड यांच्याकडे जाते, याचे मला दुःख होते.

लगोलग 2007 साली तिने नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंडसाठी ‘आल्स्ट’ केले. बेल्जियममधील त्याच नावाच्या गावातील हॉटेलात स्वतःच्या दोन मुलांचा जीव घेणाऱ्या दांपत्याची ती जबानी. रंगमंचावर दोन खुर्च्या, दोन ध्वनिक्षेपक, शेजारी डेव्हिड मकाय, आणि प्रश्न विचारणारा एक अदृश्य आवाज. ‘रेड रोड’मध्ये जी पाहत होती, तीच येथे साऱ्यांच्या नजरेखाली बसली होती. ‘द विच’मधील (2015) शोकाने भ्रमिष्ट झालेल्या मातेचे मूळ मला या खुर्चीत दिसते.

योजनेतील दुसरा चित्रपट, मॉराग मॅकिनन यांचा ‘डाँकीज’, 2010 साली आला. ‘रेड रोड’मध्ये आल्फ्रेड हा जॅकीचा सासरा होता, येथे तो तिचा दुरावलेला बाप आहे, आणि शोकांतिकेच्या जागी काळा विनोद आहे. आल्फ्रेडची भूमिका अँडी आर्मर यांच्याऐवजी जेम्स कॉस्मो यांच्याकडे गेली, म्हणजे शेवटचे कलम तेथेच मोडले. जॅकी मात्र डिकीचीच राहिली. तिसरा चित्रपट मिकेल नॉरगॉर करणार होते. तो निघाला नाही, आणि सून व लेक यांच्यानंतर जॅकीच्या वाट्यास येणारे तिसरे नाते पडद्यावर आलेच नाही.