शून्य सामने, तीन चषक

१९९३-९४ च्या मोसमात उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, २६ संघ होते. आइस हॉकीच्या सामन्यात प्रत्येक संघ २० खेळाडू उतरवतो आणि त्यांत बचावपटू साधारण सहा असतात. सव्वीस सक छप्पन्नाशे, म्हणजे १५६. जगातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये बचावपटूंसाठी कोणत्याही रात्री एवढ्याच जागा होत्या. नुसत्या कॅनडातल्या नोंदणीकृत हॉकीपटूंचा आकडा लाखांत मोजावा लागतो. त्यात अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया आणि चेक प्रजासत्ताकातली मुलं मिळवली, म्हणजे त्या १५६ जागांसमोर किती लांब रांग होती याचा अंदाज येतो.

त्या रांगेत जॅरेड बेडनार उभा होता. जन्म २८ फेब्रुवारी १९७२, गाव सस्कॅचेवान प्रांतातलं यॉर्कटन. ज्युनियर हॉकीत तो सॅस्कटून, स्पोकेन, मेडिसिन हॅट आणि प्रिन्स अल्बर्ट अशा चार संघांतून खेळला. एनएचएलच्या एकाही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचं नाव घेतलं नाही. १९९३ साली तो व्यावसायिक झाला तो तिसऱ्या पायरीवर, ईसीएचएलमध्ये, पश्चिम व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन ब्लिझर्डकडून. ही लीग १९८८ मध्ये अवघ्या पाच संघांनिशी सुरू झाली होती. तिच्या वर अमेरिकन हॉकी लीग (एएचएल), तेव्हा जोडीला इंटरनॅशनल हॉकी लीग, आणि सगळ्यांच्या वर एनएचएल.

पुढची वर्षं त्याने या खालच्या मजल्यांवरच काढली. साउथ कॅरोलायना स्टिंगरेज हे त्याचं घर झालं. मधूनच वरच्या पायरीवरून बोलावणं यायचं आणि तो न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला, ग्रँड रॅपिड्सला, रॉचेस्टरला जाऊन खेळायचा. काम संपलं की परत खाली. असा खेळाडू कुणाच्या दुखापतीमुळे संघात येतो आणि दुखापत बरी झाली की बाहेर पडतो. सामान बांधून ठेवणं हाच त्याच्या नोकरीचा नियम. २००२ मध्ये बेडनारने खेळणं थांबवलं, तेव्हा त्याच्या नावावर एनएचएलचे सामने होते शून्य.

हे शून्य मला या गोष्टीतला सर्वांत मोठा आकडा वाटतो. १९९३-९४ च्याच मोसमात मुंबईच्या अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या होत्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही त्याला भारताकडून एकही सामना मिळाला नाही आणि २०२५ मध्ये त्याच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्यामुळे बेडनारच्या शून्याचं वजन मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

निवृत्तीनंतर तो कुठे गेला? कुठेच नाही. त्याच स्टिंगरेजच्या बाकामागे, सहायक प्रशिक्षक म्हणून उभा राहिला. पाच वर्षं सहायक, मग २००७ पासून मुख्य प्रशिक्षक. २००९ मध्ये स्टिंगरेजनी केली कप जिंकला, ईसीएचएलचं विजेतेपद. अंतिम फेरीत समोर अलास्का एसेस होते. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनपासून अलास्कातल्या अँकरेजपर्यंतचं सरळ हवाई अंतर सुमारे ५,८०० किलोमीटर. एक शहर ताडाच्या झाडांचं, दुसरं बर्फाच्या डोंगरांचं. आणि मालिका पूर्ण सात सामने रंगली. स्टिंगरेजनी हा चषक आजवर तीनदा जिंकला आहे: १९९७, २००१ आणि २००९. पहिल्या दोन वेळी बेडनार खेळाडू होता, तिसऱ्या वेळी प्रशिक्षक.

यानंतर वर जाण्याचा जिना सरळ नव्हता. २००९-१० मध्ये तो एएचएलमधल्या ॲबट्सफर्ड हीटचा सहायक झाला. मग पिओरिया रिव्हरमेनचा मुख्य प्रशिक्षक, दोन वर्षं. ते पद गेलं आणि २०१२ मध्ये तो स्प्रिंगफिल्ड फाल्कन्सकडे पुन्हा सहायक म्हणून रुजू झाला. मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेल्या चाळिशीच्या माणसाने पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहणं सोपं नसतं. दोन वर्षांनी तिथलं मुख्य पद मिळालं. पुढे कोलंबसच्या एनएचएल संघाने स्प्रिंगफिल्डऐवजी क्लीव्हलँडच्या लेक एरी मॉन्स्टर्सना आपला दुय्यम संघ केल्यावर बेडनार तिकडे आला.

आता ११ जून २०१६ ची संध्याकाळ. क्लीव्हलँडच्या रिंकमध्ये १९,६६५ प्रेक्षक. दुय्यम लीगच्या सामन्याला ही गर्दी. एएचएलच्या काल्डर कपची अंतिम मालिका, समोर हर्शी बेअर्स, मॉन्स्टर्स ३-० ने आघाडीवर. साठ मिनिटांत कुणाचाही गोल नाही. मग वीस मिनिटांची जादा वेळ, म्हणजे १,२०० सेकंद. त्यांतले १,१९८.१ सेकंदही कोरडे गेले. १.९ सेकंद उरले असताना ऑलिव्हर बियोर्कस्ट्रँडने पक जाळ्यात धाडला. जवळपास ऐंशी मिनिटांच्या खेळात एकच गोल आणि तोच विजेतेपदाचा. त्या प्लेऑफमध्ये मॉन्स्टर्सनी १७ सामने खेळले, १५ जिंकले.

बरोबर ७५ दिवसांनी, २५ ऑगस्टला, एनएचएलच्या कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचने बेडनारला मुख्य प्रशिक्षक नेमलं. आधीचा प्रशिक्षक पॅट्रिक रॉय याने त्याच महिन्यात अचानक राजीनामा दिला होता. रॉय कोण? एनएचएलचे १,०२९ सामने, गोलरक्षक म्हणून ५५१ विजय, चार स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं. त्याच्या जागी एनएचएलचा एकही सामना न खेळलेला ४४ वर्षांचा माणूस. नेमणूक करणारा जो सॅकिक १,३७८ सामने आणि १,६४१ गुणांचा धनी. हे सगळे सामने, वीसच्या वीस मोसम, त्याने एकाच संघासाठी खेळले होते. आयुष्यभर एका घरात राहिलेल्या माणसाने आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या माणसाच्या हाती किल्ली दिली.

पहिलं वर्ष भयंकर गेलं. एनएचएलमध्ये विजयाला २ गुण आणि जादा वेळेत हरलात तर १. ८२ सामन्यांत १६४ गुण शक्य असतात. अ‍ॅव्हलांचने जिंकले २२, हरले ५६ आणि ४ जादा वेळेत गमावले. एकूण ४८ गुण. तळाकडून दुसऱ्या आलेल्या व्हँकुव्हरचे ६९ होते, म्हणजे शेवटचा संघ त्याच्या आधीच्या संघापासूनही २१ गुण दूर. डिसेंबरात मॉन्ट्रियलमध्ये १०-१ असा मारही खाल्ला.

त्या ४८ गुणांमागचं काम किती होतं? हॉकीतला खेळाडू सलग साधारण ४५ सेकंदच बर्फावर असतो, मग दमून बाकावर येतो आणि ताजा खेळाडू उडी मारून आत जातो. ३,६०० सेकंदांचा सामना, म्हणजे सुमारे ८० पाळ्या. ८२ सामन्यांच्या ६,५६० पाळ्या. प्रत्येक वेळी कुणाला आत धाडायचं, समोर कोण येतंय, कोण थकलंय, हे बाकामागून ठरवायचं, तेही खेळ न थांबता. एवढे हजारो निर्णय घेऊन हाती आलं ते इतक्या पराभवांचं वर्ष.

अशा मोसमानंतर प्रशिक्षक टिकत नाहीत. सॅकिकने बेडनारला ठेवलं. माझ्या मते या सगळ्या आकडेमोडीतला सर्वांत धाडसी निर्णय तोच.

तळाला आल्याचं एकच समाधान असतं: ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक मिळण्याची सर्वाधिक शक्यता. तीही सुमारे १८ टक्केच. सोडत निघाली आणि कोलोरॅडो घसरलं चौथ्या क्रमांकावर, त्या वर्षी शेवटच्या संघाला घसरता येईल तितकं खाली. चौथ्या क्रमांकावर त्यांनी घेतला केल मकार नावाचा बचावपटू. पाच वर्षांनी याच मकारला लीगचा सर्वोत्तम बचावपटू आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही सन्मान एकाच मोसमात मिळाले.

४८ वरून पुढच्या वर्षी ९५ गुण. प्लेऑफमधली जागा ८२ व्या, अगदी शेवटच्या सामन्यात सेंट लुईसला हरवून मिळवली. त्यानंतर २०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षं गाडी दुसऱ्याच फेरीत अडकली. त्यांतल्या दोन मालिका सातव्या सामन्यात गेल्या. २०२१-२२ मध्ये मात्र ११९ गुण, आणि प्लेऑफच्या २० सामन्यांत १६ विजय. २६ जून २०२२ ला टॅम्पामध्ये, आधीची दोन्ही वर्षं चषक जिंकलेल्या लाइटनिंगला २-१ ने हरवून अ‍ॅव्हलांच स्टॅनली कपचे मानकरी ठरले. बेडनार तेव्हा पन्नाशीचा होता.

ईसीएचएल, एएचएल आणि एनएचएल या तिन्ही लीगचं विजेतेपद मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकणारा तो पहिलाच. हे किती अवघड? त्याने जिंकलं त्या त्या वर्षी एनएचएलमध्ये ३२ संघ होते, एएचएलमध्ये ३०, ईसीएचएलमध्ये वीसहून जास्त. सगळे संघ सारख्या ताकदीचे धरले आणि प्रत्येक लीगमध्ये एकच वर्ष हाती आहे असं मानलं, तर तिन्ही चषक मिळण्याची शक्यता १९,२०० मध्ये एकाहूनही कमी. प्रत्यक्षात वर्षं जास्त मिळतात, संघही सारखे नसतात, हे खरं. पण त्या तीन बाकांमागे उभं राहायला मिळणं हीच मुळात कितीतरी गाळण्यांतून उरण्याची गोष्ट आहे.

स्टॅनली कप सुमारे ८९.५ सेंटिमीटर उंच आणि साडेपंधरा किलोंहून थोडा जास्त वजनाचा. लॉर्ड स्टॅनली यांनी तो १८९२ मध्ये दिला. विजेत्यांची नावं त्याच्या पट्ट्यांवर कोरली जातात, प्रशिक्षकाचंही. खालच्या पाच पट्ट्यांवर प्रत्येकी १३ संघ मावतात. सगळे भरले की सर्वांत जुना पट्टा काढून टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात. त्यामुळे खेळाडू म्हणून ज्या लीगच्या बर्फावर बेडनारला एकदाही उतरता आलं नाही, तिच्या चषकावर त्याचं नाव अनेक दशकं राहणार आहे.

त्यानंतरची वर्षं सोपी गेलेली नाहीत. ४८ गुणांच्या त्या मोसमात २० गोल करणारा विशीतला मिक्को रँटनेन बेडनारच्या हाताखालीच मोठा झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये संघाने त्याला सोडलं आणि काही आठवड्यांत तो डॅलसला पोचला. ३ मे २०२५ ला पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात कोलोरॅडो २-० ने पुढे असताना रँटनेनने शेवटच्या सत्रात तीन गोल केले आणि डॅलसने सामना ४-२ ने जिंकला. पुढच्या मोसमात बेडनार पुन्हा त्याच बाकामागे उभा होता. सलग दहावं वर्ष.