वनमानवाची सुगी

आपल्या दिवाळीचे एक बरे असते. ती कधी येणार हे पंचांग उघडताच कळते. त्या बेताने रवा-बेसन भरून ठेवता येते, चार दिवस चकल्या-करंज्यांवर यथेच्छ हात मारता येतो आणि भाऊबीज उलटली की मंडळी मुकाट्याने पोळीभाजीवर येतात. बोर्निओ बेटावरच्या एका प्राण्याला मात्र ही सोय नाही. त्याची दिवाळी दोन वर्षांनी येईल, कदाचित दहा वर्षांनीही. आणि तिची तिथी सांगणारे पंचांग कोणी काढलेले नाही.

हा प्राणी म्हणजे ओरांगउटान. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे रान. सरळ मराठीत वनमानव. झाडांवर राहणाऱ्या प्राण्यांत याच्याएवढा मोठा दुसरा नाही. पुरा वाढलेला नर ८० किलोच्या घरात जातो, मादी त्याच्या निम्मी. एवढे धूड फांद्याफांद्यांतून हिंडवायचे म्हणजे पोटाला भरपूर हवे, आणि याला आवडतात ती फळे.

पण तिथले रान मोठे लहरी. आपल्याकडच्या साल वृक्षाच्या कुळातली उंच झाडे तेथे दाटीने वाढतात आणि वर्षानुवर्षे फुलतच नाहीत. मग एखाद्या साली, बहुधा एल निनोची कोरडी हवा सुटली की, मैलच्या मैल रान एकदम मोहरते. त्याबरोबर इतर जातींची झाडेही फळांनी लगडतात. एकाच वेळी इतके बी पडले की खाणारे खाऊन थकतात आणि उरलेले रुजते, असा झाडांचा हिशेब!

पश्चिम बोर्निओत गुनुंग पालुंग येथे शेरिल नॉट या अमेरिकन संशोधिकेने या प्राण्यांचा दिनक्रम टिपला. पहाटे घरट्यातून उठल्यापासून, सायंकाळी डहाळ्या मोडून नवे घरटे करून ते निजेपर्यंत, किती खाल्ले व काय खाल्ले हे मोजायचे, असे ते काम. १९९४ च्या सुगीत नर दिवसाला सुमारे ८,४०० कॅलरी खात होता, मादी ७,४०० च्या आसपास. काही महिन्यांतच फळे सरली. नर ३,८०० वर आला आणि मादी जेमतेम १,८०० वर. आता जेवण म्हणजे पाने आणि दातांनी सोलून काढलेली झाडाची अंतर्साल. अशा दिवसांत बोर्निओचे वनमानव हिंडणे आवरते घेतात आणि तासन्‌तास बसून राहतात. कोणाला हा आळस वाटेल. मला तर महिनाअखेर सांभाळणाऱ्या गृहिणीचे शहाणपण दिसते.

बाईंनी लघवीही तपासली. झाडाखाली प्लॅस्टिकचा कागद धरायचा आणि पट्टी बुडवून रंग पाहायचा. मधुमेहाच्या रोग्याच्या घरी ही पट्टी ओळखीची असेल. फळे नसलेल्या महिन्यांत तिच्यावर कीटोन उमटले. याचा अर्थ, सुगीत साठवलेली चरबी हे प्राणी आता जाळत होते. मेजवानीतली ती हावरट वाटणारी खादाडी पुढच्या उपासाची तरतूद होती.

यात हाल होतात ते आईचे. मादीला सात-आठ वर्षांनी एक पोर होते. वनमानवाच्या दातांत थरावर थर साठतात, त्यांत बेरियम सापडते आणि ते आईच्या दुधातून येते. २०१७ साली हे थर तपासले तेव्हा दिसले की पोर आठ वर्षांचे होईपर्यंत दूध पीत राहते. मधूनमधून दूध कमी होते, पुन्हा वाढते. फळे आटली की पोर आईकडे वळत असावे, असा संशोधकांचा कयास आहे. स्वतः सालीवर दिवस काढणारी ती आई दूध कुठून आणते, कोण जाणे!

आणि येथेच काळजीची गोष्ट आहे. जी कोरडी हवा मोहोर आणते तीच वणवेही आणते. दलदलीचे रान कालवे खणून सुकवले की खालची कुजकी माती महिनोन्‌महिने धुमसत राहते. १९९७ साली असेच झाले, २०१५ सालीही. त्या २०१५ च्या धुरात मध्य कालिमंतानातील तुआनान येथे काही मोठ्या नरांवर नजर ठेवण्यात आली. धूर येऊन गेल्यावर ते नेहमीपेक्षा अधिक वेळ विसावा घेऊ लागले. खाणे कमी नव्हते, उलट वाढले होते. हिंडणेही बेताचेच होते. तरी पट्टीवर कीटोन उमटतच होते.