बूस्ट गेज

बूस्ट गेज हे टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब दाखवणारे उपकरण आहे. बाहेरील हवेच्या दाबापेक्षा हा दाब किती अधिक वा उणा आहे, हे त्यावरून कळते. गेज इंजिनाची शक्ती मोजत नाही. मात्र वाहनाचा नेहमीचा दाब ठाऊक असल्यास बिघाडाची पूर्वसूचना त्यातून मिळू शकते.

== कार्यतत्त्व ==
सिलिंडरमध्ये अधिक हवा भरली की अधिक इंधन जाळता येते. सुपरचार्जर सामान्यतः इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. टर्बोचार्जर एक्झॉस्टमधील तप्त वायूंवर फिरतो. त्याची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये पेटंटद्वारे मांडली. यांत्रिक गेजमध्ये मॅनिफोल्डपासून आणलेल्या नळीतील दाबाने बूर्दों नलिका किंचित सरळ होते व काटा फिरतो. इलेक्ट्रॉनिक गेज दाबसंवेदकावर चालते. दाब बार किंवा पीएसआय या एककात दाखवतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

== वाचन ==
पेट्रोल इंजिन थांबलेल्या गाडीत मंद चालू असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होऊन काटा शून्याखाली राहतो. डिझेल इंजिनात हवा सहसा थ्रॉटलने रोखली जात नाही, म्हणून काटा शून्याजवळ असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोचा दाब थोड्या विलंबाने चढतो. पट्ट्यावरील सुपरचार्जरचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो.

== उंचीचा परिणाम ==
नाशिक जिल्ह्यातील वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडाकडे जाणारा घाट हे याचे चांगले उदाहरण आहे. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, तर गड सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब शहरात सुमारे ०.९४ बार, तर गडावर ०.८८ बारच्या आसपास असतो. गेजवर दोन्ही ठिकाणी १ बार दिसला, तरी मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब अनुक्रमे १.९४ आणि १.८८ बार असतो. म्हणजेच गडावर इंजिनाला थोडी कमी हवा मिळते. संगणकनियंत्रित इंजिन ही तूट भरून काढण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरवू शकते. अशा वेळी गेजवरील आकडा वाढतो. तो वाढ लगेच दोष समजू नये. निदानयंत्रावर बहुधा निरपेक्ष दाब दिसतो. त्यातून बाहेरील दाब वजा केल्यावर बूस्ट मिळतो.

== बिघाडाची लक्षणे ==
* '''दाब नेहमीपेक्षा कमी:''' फाटलेला होजपाइप, सैल क्लॅम्प, गळका इंटरकूलर, उघडा अडकलेला वेस्टगेट किंवा तुंबलेला एअर फिल्टर. जुन्या डिझेल इंजिनातून काळा धूर येतो. नव्या इंजिनात संगणक इंधन कमी करतो व गाडीची ओढ घटते.
* '''दाब नेहमीपेक्षा जास्त:''' बंद अडकलेला वेस्टगेट किंवा निसटलेली नियंत्रण नळी. अशाने हेड गॅस्केट व पिस्टनला धोका पोहोचतो.
* '''काटा थरथरणे:''' नळीतील गळती किंवा वेस्टगेटचे अस्थिर नियंत्रण.

भरलेली गाडी घाट चढताना दाब एकाएकी घसरला किंवा मर्यादेपलीकडे गेला, तर अ‍ॅक्सिलरेटर सैल करून सुरक्षित जागी थांबणे योग्य. तशीच गाडी रेटल्यास एक्झॉस्टचे तापमान वाढून टर्बो व इंजिन निकामी होऊ शकतात.

== वापरातील दक्षता ==
सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच ‘योग्य’ आकडा नसतो; निर्मात्याने दिलेली मर्यादा प्रमाण मानावी. गाडी सुस्थितीत असताना त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये व साधारण तेवढ्याच भाराने मिळालेला दाब नोंदवून ठेवल्यास पुढे तुलना करता येते. पेट्रोल इंजिनात गेजची नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूस जोडावी लागते. अन्यथा निर्वात दिसत नाही. वळणाच्या रस्त्यावर चालकाने काट्याकडे टक लावून पाहू नये. त्यासाठी गेज रस्त्यावरून नजर फारशी न हटवता दिसेल अशा जागी बसवतात.