मोबाइल इंटरनेटचे माप कसे घेतात?

बाजाराचा दिवस आहे. आपण भाजीच्या पाटीपुढे उभे आहात. हिशेब झाला, मोबाइलवर रक्कम लिहून आपण बटण दाबले. आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. मागे गिऱ्हाइके खोळंबली आहेत. पैसे पोचले की नाही, हे ना आपणांस ठाऊक, ना भाजीवालीस. नवल असे की, त्याच पडद्याच्या कोपऱ्यात चारही रेघा भरलेल्या दिसत आहेत! मग उणे कोठे आहे?

त्या रेघा फक्त मनोऱ्याच्या लहरी किती जोरकस आहेत, एवढेच सांगतात. त्याच मनोऱ्यावर आणखी किती मोबाइलांचा भार पडला आहे, हे त्यांस ठाऊक नसते. म्हणूनच सेवेचा कस पाहावयाचा तर निराळी मापे लागतात. आपल्या देशात ती ठरविण्याचे काम १९९७ साली कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आहे.

पहिले माप वेगाचे. तो मेगाबिटांत मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, हे आपण बहुधा विसरतो. 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यास भारतात २०१३ साली सेकंदास ५१२ किलोबिट एवढा वेग पुरेसा होता. जानेवारी २०२३ मध्ये ती मर्यादा २ मेगाबिटांवर नेण्यात आली. या वेगाने पाच मेगाबाइटांचे एक छायाचित्र उतरण्यास वीस सेकंद लागतात.

परंतु वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. नळ कितीही मोठा असला, तरी तोटी फिरविल्यावर पाणी येण्यास वेळ लागला तर भांडे रिकामेच राहते. संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा विलंब, त्या विलंबातील चढउतार आणि वाटेत गहाळ होणारी माहितीची पुडकी, ही पुढील तीन मापे होत. पैसे पाठविण्यास माहिती थोडीच लागते, पण निरोपांची ये-जा अनेकदा होते. म्हणून बाजारात आपला खोळंबा होतो तो पुष्कळदा वेगाच्या अभावी नव्हे, तर या विलंबामुळे व गळतीमुळे.

ही मापे तीन वाटांनी गोळा होतात. कंपन्यांच्या यंत्रणेत नोंदले जाणारे आकडे प्राधिकरणाकडे जातात. प्राधिकरणाने नेमलेल्या संस्था मोटारीत मोबाइल ठेवून शहरांतून व महामार्गांवरून फिरतात आणि गर्दीच्या ठिकाणी पायी हिंडूनही चाचणी घेतात. तिसरी वाट आपल्या हातात आहे, ती म्हणजे २०१६ साली प्राधिकरणाने काढलेले 'मायस्पीड' हे ॲप. फ्रान्समधील नियामक संस्था तर धावत्या आगगाड्यांतही अशी मोजणी करविते.

तथापि, खरी मेख आकडे गोळा करण्यात नसून त्यांची बेरीज करण्यात आहे. पाच ठिकाणी अनुक्रमे ९०, ३, २, ३ आणि २ मेगाबिट वेग मिळाला असे समजा. सरासरी निघते २०, आणि ती ऐकावयास किती गोड वाटते! पण पाचांपैकी चौघांच्या पदरी तीन किंवा त्याहून कमीच पडले आहेत. दूरसंचाराच्या विभागणीत मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एकच सेवाक्षेत्र होते. पणजीचा आकडा आणि गडचिरोलीतील एखाद्या दुर्गम पाड्याचा आकडा एकाच सरासरीत विरून जाऊ शकतो, तो असा.

ही उणीव प्राधिकरणाच्याही ध्यानी आली. बोलणे मध्येच तुटण्याविषयी २०१७ साली केलेल्या नियमाने केवळ सरासरीवर विसंबणे सोडले आणि निदान नव्वद टक्के केंद्रांनी नव्वद टक्के दिवस कसोटीस उतरावे, अशी अट घातली. पुढे २०२४ च्या नव्या नियमांनी कोणत्या भागात कोणती सेवा मिळते, याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावेत, असे ठरविले. मोबाइल सेवेचा जो अहवाल तिमाहीस एकदा येई, तो १ एप्रिल २०२५ पासून दरमहा मागविण्यात आला.

वाचकहो, यात आपलाही वाटा आहे. चाचणी घ्यावयाची ती जेथे अडते तेथेच घ्यावी. घरातील वायफाय बंद करून, दाराबाहेर आणि माजघरातही, सकाळी आणि रात्रीही घ्यावी. एकच आकडा योगायोग ठरू शकतो, पण आठवड्याची टिपणे पुरावा ठरतात. ती घेऊन प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे, आणि तेथे दाद न लागल्यास तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे.

माप जितके माणसाजवळ येईल तितके ते खरे होईल. भाजीवालीच्या पाटीपुढे चक्र किती वेळ फिरले, हे ज्या बेरजेत दिसत नाही, ती बेरीज अजून पुरी झालेली नाही.